बीळ बुजवले, बांधाचे काय?

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचे शेततळे काठोकाठ भरले की त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. वजनात सांगायचे तर 2,200 टन. यातला काही भाग जमिनीच्या पातळीखाली असतो. पण उकरलेली माती चारही बाजूंना टाकून काठ वर उचललेला असतो आणि वरचा थर त्या भरावाच्या आधाराने उभा राहतो. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या कित्येक तळ्यांत तर पाण्याचा मोठा वाटा जमिनीच्या वरच असतो. त्या पाण्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे मातीचा बांध. आणि बांधाची माती जितकी भुसभुशीत, जितकी उंच आणि कोरडी, तितकी ती घुशी-उंदरांना राहायला सोयीची. पाण्याकडच्या ओल्या बाजूने तीच माती खेकडा पोखरतो.

फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. त्यात 50 हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. पुढे वैयक्तिक शेततळ्याचा समावेश मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत झाला. नाशिकच्या द्राक्षबागा आणि सोलापूरच्या डाळिंबबागा आज उन्हाळ्यात अशाच साठ्यांवर तगतात. काही शेतकरी त्यात रोहू, कटला, मृगळ सोडून जोडउत्पन्न घेतात. कोकणात तर घरामागच्या परसात एखादे छोटे तळे खणून त्यात मासे आणि कमळे ठेवण्याची हौसही वाढली आहे. अनुदान मिळते ते खोदाईला आणि अस्तराला. पुढची देखभाल शेतकऱ्याने करायची असे गृहीत धरलेले आहे. ती कशी करायची, हे मात्र त्याला क्वचितच कोणी नीट समजावून सांगितलेले असते. आमच्या मते या सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. बांधात बीळ दिसले की शेतकरी विषाची पुडी आणायला धावतो, कारण दुसरा उपाय त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

आधी बीळ पाडणारे प्राणी नीट ओळखायला हवेत. शेतातली घूस ही यातली सर्वांत उपद्रवी. ती उत्तम पोहते, त्यामुळे पाण्याची तिला भीती नाही. तिच्या बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ताजा ढीग दिसतो आणि बहुधा ते तोंड तिने आतून मातीनेच बंद केलेले असते. आत फाटे फुटलेले बोगदे, धान्य साठवण्याच्या खोल्या आणि संकटात पळून जाण्याच्या वाटा असतात. भात, गहू, भुईमूग यांची काढणी झाली किंवा ऊस तुटून गेला की शेतातला आडोसा आणि अन्न एकदम नाहीसे होते आणि घुशी बांधाकडे सरकतात. पावसाळ्यात शिवार पाण्याखाली गेले तर आसपासची एकमेव उंच, कोरडी जागा म्हणजे तळ्याचा बांधच. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. उन्हाळ्यात ही माती आकसून तिला भेगा पडतात आणि मऊ केसांचा शेतउंदीर त्या भेगांमध्ये आयताच घर करतो.

उंदीर-घुशींचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते. अस्तराचा 500 मायक्रॉनचा कागद त्यापुढे फार टिकत नाही. बांधाच्या माथ्यावर चर खणून त्यात या कागदाची कड गाडलेली असते. त्या चरातली माती नीट दाबली नसेल तर घूस तिथेच शिरते, कागदाच्या मागून खाली उतरते आणि जिथे अडेल तिथे कुरतडते. वरून पाहणाऱ्याला कागद अखंड दिसतो. मागे मात्र पाणी भरावात मुरत असते आणि बांध आतून मऊ होत असतो.

खेकड्याची रीत वेगळी आहे. त्याला ओल हवी असते. तो पाण्याच्या काठालगत बीळ पाडतो आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की ओलीचा माग काढत आणखी खोल जातो. पावसाची पहिली सर आली की तो बाहेर पडतो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्या रात्री बॅटऱ्या घेऊन खेकडे पकडायला माणसे बाहेर पडतात. घुशीची बिळे बहुधा कोरड्या बाजूने आत येतात, खेकड्याची पाण्याच्या बाजूने. दोन्ही एकाच बांधात असली तर मधली अखंड माती फारच थोडी उरते.

आता एवढ्याशा बिळाने बांध फुटतो तरी कसा? मातीचा कोणताही बांध थोडे पाणी झिरपू देतोच. आत शिरलेले पाणी मातीच्या कणांमधून वाट काढत हळूहळू पलीकडे पोहोचते. ही वाट जितकी लांब, तितका पाण्याचा जोर कमी होतो. बीळ ती वाट तोडून टाकते. चार मीटर मातीतून जायचे होते ते पाणी आता एका मीटरमधून पलीकडे पोहोचते आणि त्याचा वेग वाढतो. वेगाने निघालेले पाणी मातीचे बारीक कण सोबत नेऊ लागते. धूप सुरू होते ती बाहेरच्या तोंडाकडून, आणि मागे मागे सरकत ती पाण्याच्या साठ्यापर्यंत जाऊन भिडते. तोवर बोगदा तयार झालेला असतो. त्यानंतरचे सगळे काही तासांत घडून जाते.

यात काळाचा एक खेळ आहे. घुशी बिळे पाडतात उन्हाळ्यात, तळे अर्धे रिकामे असताना, बांधाच्या वरच्या कोरड्या भागात. तेव्हा त्या भागाला पाण्याचा स्पर्शही नसतो, म्हणून कुठे ओल दिसत नाही आणि कोणाला काळजीही वाटत नाही. ऑगस्टमध्ये तळे भरते आणि पाणी वर्षात प्रथमच त्या उंचीला पोहोचते. मे महिन्यात निरुपद्रवी वाटलेले बीळ तेव्हा पाण्याची वाट होते. म्हणूनच पाहणी करायची ती पाऊस सुरू होण्यापूर्वी, बांध कोरडा आणि गवत वाळलेले असताना.

खेकडे आणि उंदीर यांच्यावर बोट ठेवण्याचा अनुभव आपल्या सार्वजनिक जीवनाला नवा नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि 20 हून अधिक माणसांचा जीव गेला. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो रास्त होता, कारण गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. बिहारमध्येही 2017 च्या पुरानंतर तिथल्या जलसंपदा मंत्र्यांनी तटबंध फुटण्याचा दोष उंदरांवर टाकला होता. या दोन्ही विधानांत शास्त्राच्या दृष्टीने अशक्य असे काही नाही. खेकडा बांध पोखरतो आणि उंदीरही पोखरतो. पण बीळ पडल्यापासून बांध फुटेपर्यंत मध्ये पुष्कळ वेळ जातो. त्या काळात ओल दिसते, मग झिरपा दिसतो, मग पाणी गढूळ होते. पाहणारा माणूस असेल आणि त्याचे ऐकणारी व्यवस्था असेल तर तो धोका दुरुस्तीच्या टप्प्यावरच संपतो. प्राण्यावर दोष टाकला की या मधल्या काळाचा हिशेब कोणी मागत नाही. लहान शेततळ्यालाही हेच लागू आहे. फरक एवढाच की तिथे पाहणारा आणि दुरुस्ती करणारा माणूस एकच असतो.

विषाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. झिंक फॉस्फाइड हे बाजारात सहज मिळणारे उंदीरनाशक. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. आमिष अर्धवट खाऊन जगलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही, त्यामुळे नुसते विष पसरणाऱ्याला दुसऱ्या खेपेला यश येत नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर सामान्य शेतकऱ्याने हाताळायच्याच नाहीत. त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर कायद्याने निर्बंध आहेत, तरीही त्या बिळात टाकण्याचा सल्ला बांधावर बांधावर दिला जातो. ओलीचा स्पर्श होताच त्यातून विषारी वायू सुटतो. तळ्याच्या बांधात ओल असणारच. ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारे विष हळूहळू काम करते आणि त्यावर के-1 जीवनसत्त्वाचा उतारा आहे. पण ते खाऊन मंदावलेला उंदीर घुबडाने किंवा घारीने उचलला तर ते विष त्यांच्या पोटात जाते. म्हणजे जो पक्षी फुकटात उंदीर मारत होता, तोच आपण मारतो.

खेकड्यांच्या बिळात कीटकनाशक ओतण्याचा प्रकार याहून घातक आहे. पायरेथ्रॉइड गटातली औषधे मासे आणि कवचधारी जिवांना अत्यंत थोड्या मात्रेतही मारतात. बिळात ओतलेले औषध झिरपून तळ्यात जाते. तिथे मासे असतील तर ते मरतात, गुरे पाणी पीत असतील तर त्यांनाही धोका. पाण्याच्या काठाला कोणतेही विष घालू नये, हे आमचे ठाम मत आहे. फार उपद्रव असेल आणि विष वापरणे भागच पडले, तर कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने, बांधापासून दूर शेताच्या बाजूला, झाकलेल्या आमिषपेटीतच ते ठेवावे. आमिष ठेवण्यापूर्वी संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत आणि सकाळी कोणती उघडली ते पाहावे. उघडलेली तेवढीच वसती असलेली. या साध्या पाहणीने विषाची गरज बरीच कमी होते. आणि हे काम एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. त्याच्या शेतातल्या घुशी मेल्या की आठवड्या-पंधरवड्यात शेजारच्या शेतातल्या घुशी त्या रिकाम्या जागेत येतात. घुशीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा आणि एका वेतात सहा-आठ पिल्ले. हा वेग एकेकट्या प्रयत्नांना जुमानत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी उन्हाळ्याच्या अखेरीस एकाच आठवड्यात मोहीम घेतली तरच काही महिने उसंत मिळते.

विषाआधी करण्यासारखे खूप आहे, आणि ते बहुतेक स्वस्त आहे. बांधावर वाढलेली घाणेरी, वेडी बाभूळ आणि गुडघाभर गवत हे घुशीचे छप्पर आहे. ते काढले की तिचा आडोसा जातो आणि बिळे उघडी पडतात. बांधावर हरळीसारखे आखूड, माती धरून ठेवणारे गवत राहू द्यावे, पण झाड लावू नये. झाडाची मुळे कुजली की आत आयती पोकळी तयार होते. माशांचे खाद्य, म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, बांधावरच्या छपरात पोत्यांनी ठेवण्याची सवय मोडावी. ते घट्ट झाकणाच्या पिंपात आणि बांधापासून लांब असावे. गव्हाणी घुबडासाठी शेतात पक्षीथांबे उभारावेत. इस्रायल आणि जॉर्डनमधल्या शेतकऱ्यांनी घुबडांसाठी घरटी बसवून उंदरांविरुद्ध मिळून काम केले आहे. दोन देशांतल्या ताणातही ते चालू राहिले. धामण आणि घोरपड दिसली तर त्यांना हात लावू नये. दोघी कायद्याने संरक्षित आहेत आणि धामण तर उंदीर खाते. साळिंदरही संरक्षित आहे. त्याने मोठे बीळ केले असेल तर वन विभागाला कळवणे हाच मार्ग.

कोकणातले कातकरी बांधातली बिळे वाचण्यात पिढ्यान्पिढ्या तरबेज आहेत. कोणते तोंड चालू, कोणते सोडलेले, बोगदा कुठे वळला असेल, हे ते मातीकडे पाहून सांगतात. त्यांना योग्य मजुरी देऊन बिळे उकरून घेणे हा विषापेक्षा सुरक्षित आणि पक्का उपाय आहे. हातमोजे आणि गमबूट मात्र सक्तीचे मानावेत. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणाला चांगलाच परिचित आहे. खेकड्यांसाठी पहिल्या सरीच्या रात्री हाताने किंवा बांबूच्या सापळ्यांनी पकडणे पुरेसे ठरते, आणि काठालगतच्या पट्ट्यात मुरूम दाबून त्यावर दगडी पिचिंग केले तर नवी बिळे कमी पडतात.

दुरुस्तीबाबत सर्वाधिक गैरसमज दिसतो. बीळ दिसले की तोंडावर दोन घमेली माती किंवा सिमेंट टाकून मोकळे होण्याची पद्धत आहे. तोंड बुजते, आतला बोगदा तसाच राहतो. सिमेंटचा गोळा कडक आणि भोवतालची माती मऊ. पाऊस आला की दोघांमध्ये फट पडते आणि पाणी तिथूनच वाट काढते. बीळ शेवटापर्यंत उकरावे, फाटे उघडे करावेत, आणि मग ओलसर, चिकट काळी माती 15 सेंटीमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुमसाने नीट ठोकावा. खूप खोल गेलेल्या बिळात मातीचा पातळ काला पाइपने वरून सोडून भरता येतो. हे काम तळे भरलेले असताना कधीही करू नये. आधी पाणी बांधाच्या उकरलेल्या भागाखाली उतरवावे. अस्तर फाटले असेल तर आधी मागचा भराव दाबून घ्यावा आणि नंतरच कागदाचा तुकडा चिकटवावा. मागची पोकळी तशीच ठेवून लावलेला तुकडा पाण्याच्या दाबाने पुन्हा फाटतो.

पाणी खरेच गळते आहे की फक्त उन्हाने आटते आहे, हेही ओळखता यावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला साधारण एक सेंटीमीटर उतरते. पाण्याने भरलेली बादली तळ्याच्या काठाला, आत पाणी शिरणार नाही अशी बसवून दोन-तीन दिवस दोन्ही पातळ्या मोजाव्यात. तळ्याची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहेच. आणि बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी झिरपा दिसला तर आधी पाण्याचा रंग पाहावा. स्वच्छ पाणी म्हणजे लक्ष ठेवायचे. गढूळ पाणी म्हणजे माती वाहून चालली आहे. तेव्हा बाहेरचे तोंड चिखलाने बंद करू नये. पाणी कोंडून दुसरीकडून फुटते. तिथे आधी वाळू, त्यावर खडी आणि वर दगड असा थर रचावा, म्हणजे पाणी जाते आणि माती अडते. लगेच सांडव्यातून किंवा पंपाने तळ्याची पातळी खाली आणावी आणि बांधाखालच्या वस्तीला सावध करावे. हे काम एकट्याने करू नये. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय घसरून बुडालेल्या माणसांच्या बातम्या दरवर्षी येतात. दोर आणि सोबत असल्याशिवाय काठावर उतरू नये.

ही सगळी कामे कोणा एकाच्या शहाणपणावर सोडायची की त्यांची रीत घालून द्यायची, हा पुढचा प्रश्न आहे. गोव्यातल्या खाजण जमिनींनी त्याचे उत्तर शेकडो वर्षांपूर्वी दिले होते. खारे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधांना कुर्ल्या (खेकडे) आणि उंदीर तेव्हाही पोखरत होते; पण गावकारी ही गावाची सामूहिक संस्था, म्हणजे पुढची कोमुनिदाद, त्या बांधांची जबाबदारी घेत होती आणि दुरुस्तीला गावाच्या उत्पन्नातून पैसा होता. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली, आणि अनेक ठिकाणी बांध दुबळे पडून शेतात खारे पाणी शिरू लागले. कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला न्याय दिला, हे मान्यच आहे. बांध सांभाळण्याची व्यवस्था मात्र त्या बदलात हरवली. नेदरलँड्समध्ये उत्तर अमेरिकेतून युरोपात आलेला मस्करॅट नावाचा उंदीर बंधारे पोखरतो, तेव्हा तिथल्या जलमंडळांनी त्याला पकडणारी पगारी माणसे नेमली. ते काम वर्षभर चालते आणि त्याचा खर्च सार्वजनिक मानला जातो.

आपल्याकडे 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू होतो. त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करणे बंधनकारक आहे. गावतळी, पाझर तलाव आणि शेततळी बहुतांश त्याच्या बाहेर राहतात. तिथे ना पाहणीची सक्ती, ना पाहणी करणारा माणूस. एवढ्या लहान बांधांना कायद्याच्या कचाट्यात आणावे असे आम्ही म्हणत नाही; त्याने शेतकऱ्याची फक्त दगदग वाढेल. पण अनुदानाचा शेवटचा छोटा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतरच्या पाहणीशी जोडता येईल. सहायक कृषी अधिकाऱ्याच्या उन्हाळी कामात प्रत्येक शेततळ्याची एक भेट घालता येईल. गावतळ्यांच्या बांधांची दुरुस्ती रोजगार हमीतून, दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात घेता येईल. यांतले कोणतेही काम नव्या योजनेची वाट पाहण्यासारखे नाही.

ज्यांच्याकडे आज तळे आहे त्यांना आमचे सांगणे आहे. मृग लागण्यापूर्वी एका सकाळी बांधाचा माथा आणि बाहेरचा पायथा पूर्ण चालून पाहा. प्रत्येक बिळाशी एक काठी रोवा, संध्याकाळी बुजवा, सकाळी पुन्हा पाहा. आणि जी बिळे उघडलेली दिसतील ती पाऊस येण्याआधी शेवटापर्यंत उकरून, थर थर ठोकून बंद करा.